क्वेट्ट्याला नेण्याचं सामान

जांभूळवाडी, ता. खानापूर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५१

आक्का,

अक्षर ओळखशील. पाटीवर माझं बोट धरून तूच गिरवून घेतलंस. पाच वर्षांत आपण बोललो नाही, आणि आता पत्र धाडते तेही कामासाठी, म्हणून रागावशील. रागाव, पण पुरं वाच.

ह्यांना हवालदारी मिळाली. पलटण क्वेट्ट्याला आहे. तिथं बायकामुलांसाठी खोली मिळते, ती ह्यांच्या नावावर मंजूर झाली. म्हणून मला जायचं आहे. माघाच्या शेवटाला निघावं असं मामंजी म्हणतात. क्वेट्टा कुठं ते मला ठाऊक नव्हतं. शाळेच्या मास्तरांनी नकाशात दाखवलं, हिंदुस्थान संपतो तिथं, अफगाणांच्या अलीकडं. शहर मोठं आहे, आपल्या बेळगावापेक्षाही, पण आपला सगळा घाट चढून वर यावा आणि तिथं तसाच आणखी घाट लागावा, इतक्या उंचावर आहे म्हणे.

काय काय आणायचं ते ह्यांनी कळवलंय. थंडीत घागरीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. खोबरेल आणू नको, त्याचा दगड होतो, तिळाचं आण. कोकमतेलाचे गोळे भरपूर आण, कारण ओठ आणि टाचा फुटून रक्त येतं. हवा विरळ, त्यामुळं चार पावलं भरभर चाललं की धाप लागते आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही. आमसुलं तिथं कुणाला माहीत नाहीत. आणि चांगली घोंगडी आण, सरकारी कांबळं पुरत नाही. आमच्याकडची घोंगडी पावसात डोक्यावर घ्यायची, पातळ. तुमच्या सदलग्याकडचे धनगर जाड विणतात, म्हणून तुला लिहितेय. मोठी एक मिळाली तरी चालेल.

तुझ्या दिराला मला द्यायचं आप्पांनी कबूल केलं होतं आणि पलटणीतलं स्थळ आल्यावर शब्द फिरवला. त्यात मला कुणी विचारलं नव्हतं. तुझं सासरी तोंड लहान झालं हे मला कळत होतं. तू लग्नाला आली नाहीस. आप्पा वारले तेव्हा आलीस आणि माझ्याशी न बोलता परत गेलीस. मला ते सगळं आठवतं, पण त्याचं आता काही वाटत नाही. रागानं लिहीत नाही, खरंच काही वाटत नाही.

बाकी लिहिण्यासारखं नाही.

तुझी
जयवंता


जांभूळवाडी
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

आक्का,

तुमचा गडी भावकू गुळाच्या गाडीबरोबर बेळगावला आला होता, तो वाट वाकडी करून इथं येऊन गेला. दोन मोठ्या घोंगड्या मिळाल्या. काळ्या, चिंचोक्याची खळ दिलेल्या, अजून मेंढराचा वास असलेल्या. पत्र नव्हतं, पण घोंगडी एक मागितली होती आणि तू दोन धाडल्यास.

त्यांच्या घडीत एक लहान होती, लाल काठाची. ती कुणासाठी ते मला कळलं.

आक्का, भरमू गेला. भाद्रपदात, गणपती पोचवल्यावर. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. लिहायचं म्हणून बसले होते आणि घोंगडीबद्दल लिहून संपवलं.

घसा सुजला होता. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी हळद लावली. दुसऱ्या दिवशी पाणी नाकातून यायला लागलं, तेव्हा मामंजींनी गाडी जुंपली. खानापूरच्या दवाखान्यात न्यायचं तर मलप्रभा ओलांडावी लागते आणि पाणी काठ सोडून शेतात आलं होतं. नावाडी म्हणाला, उतरेल दुपारपर्यंत. आम्ही काठावर गाडी सोडून बसलो. पाऊस बारीक होता. मी त्याला मांडीवर घेतलं होतं. दुपारपर्यंत पाणी उतरलं नाही आणि तो गेला. मामंजींनी बैल पुन्हा जुंपले आणि आम्ही घरी आलो.

ह्यांचं हवालदारीचं पत्र त्यानंतर आलं. सुतक संपलं होतं. त्यात लिहिलं होतं, भरमूला घेऊन या, इथं मोकळं मैदान आहे, पलटणीचे घोडे आहेत, बघून वेडा होईल.

मामंजींना लिहिता येत नाही. घरातली पत्रं मीच लिहिते. ते पडवीत बसून सांगतात, मी उंबऱ्यापाशी बसून लिहिते. त्या दिवशीही तसंच झालं.

"लिव," ते म्हणाले, "चिरंजीव जोतिबास आशीर्वाद. पत्र पावलं. हवालदारी मिळाली, आनंद झाला." मी लिहिलं. "सून माघात येईल." लिहिलं. मग ते थांबले, तंबाखू मळत राहिले.

मी म्हटलं, "फुडं?"

"भरमू खुशाल हाय, लिव."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते गोठ्याकडं बघत होते. "मामा," मी म्हटलं.

"लिव म्हणतो न्हवं. बंदूक घिऊन डोंगरावर हुबा हाय त्यो. रजा मिळणार न्हाय. तितं एकटा बसून काय करंल? तू जाशील तवा तू सांग. तुज्याफुडं रडंल. आता कुणाफुडं रडंल त्यो?"

मी लिहिलं, भरमू खुशाल आहे. अक्षर नीट आलं.

त्यानंतर दर पत्रात ते वाक्य जातं. दिवाळीत शेजारच्या गावचा मष्णू रजेवर आला होता, ह्यांच्याच पलटणीतला शिपाई. ह्यांनी त्याच्याबरोबर भरमूसाठी जर्दाळू धाडले होते. पोरगं कुठं आहे म्हणून त्यानं अंगणातूनच हाक मारली. मग कळल्यावर तो तसाच पायरीवर बसला. मामंजी त्याला देवळात घेऊन गेले आणि जोतिबाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. जर्दाळू आत्याबाईंनी मडक्यात ठेवले, त्यांना मुंग्या लागल्या.

मला रडू येत नाही. आत्याबाई म्हणतात हे चांगलं नाही. परवा भाकरी उलटताना बोट तव्याला लागलं, ते मला वासावरनं कळलं.

लहान घोंगडी परत धाडू की ठेवू ते कळव.

जयवंता


जांभूळवाडी
पौष वद्य तृतीया

आक्का,

तुझं पत्र आलं. तू इतकी चिडशील असं वाटलं नव्हतं. पोराचा बाप जिवंत असताना त्याला अंधारात ठेवायचं हे ठरवणारे मामंजी कोण, असं तू लिहिलंस. त्यांच्या चोरून लिहून टाक म्हणालीस. लहान घोंगडी ठेव म्हणालीस, ती ठेवली.

मी चोरून लिहायला बसले होते. सगळे शेतावर गेले होते. "भरमू" एवढं लिहिलं आणि पुढं हातानं आपोआप "खुशाल आहे" लिहिलं. दोनदा तसंच झालं. दोन्ही कागद चुलीत घातले. हे मला तुला लिहिता येतं, ह्यांना लिहिता येत नाही. ह्यांनी त्याला एकदाच बघितलंय, एका रजेत, तेव्हा तो नुकता बसायला लागला होता. तो चालायला कधी लागला, बैलांना नावानं हाक कधी मारायला लागला, सगळं त्यांना माझ्या पत्रातूनच कळलं. त्यांचा भरमू माझ्या अक्षरात आहे. हे तुला समजेल का माहीत नाही.

आणि मामंजींना तू वाईट म्हणू नको. काय झालं ते सांगते.

ह्यांनी लिहिलं होतं की मला बूट आणि लोकरीचे मोजे घ्यावेत, चपलेत बोटं गोठतात. म्हणून मामंजी मला बेळगावला घेऊन गेले, कॅम्पात. दुकानदारानं मला बाकावर बसवलं.

"आदी कदी घातलाय काय बूट?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"मग मोठा घे. आत मोजा पायजे न्हवं?"

मामंजी म्हणाले, "चालून दाव." मी दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. बुटांचा आवाज असा येत होता, जणू दुसरंच कुणीतरी माझ्यामागून चाललंय. रस्त्यावरचे दोन शिपाई बघून हसले. मला लाज वाटायला हवी होती.

मागं वळून बघते तर मामंजींच्या हातात लोकरीची लहान टोपी होती, कानांवर येणारी. ती त्यांनी स्वतःच्या मुठीवर चढवली होती आणि मूठ फिरवून बघत होते.

"किती वर्साचं हाय पोर?" दुकानदारानं विचारलं.

"तीन सरून चौतं लागलंय."

"मग हीच बसंल. बांदू काय?"

दुकानदार कागद घेऊन थांबला. शेवटी मी म्हटलं, "नको." मामंजींनी टोपी मुठीवरून काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि फळीवर ठेवली. आम्ही परतीची मोटार धरली. खानापुरात उतरताना म्हणाले, "लोकर चांगली हुती."

आता ह्यांचं नवीन पत्र आलंय. तिथं एक पठाण मोची आहे, लहान मुलांसाठी आतून लोकर लावलेले बूट करतो. भरमूच्या पायाचं माप दोऱ्यानं घेऊन पत्रात घालून धाड, अंगठ्यापासून टाचेपर्यंत, असं लिहिलंय.

मी मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "घाल कसला तरी दोरा."

मी वाकळेचा दोरा घेतला. भरमूला तेल लावताना त्याचा पाय माझ्या डाव्या तळहातावर असायचा. टाच मनगटाला टेकली की अंगठा मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत यायचा. तिथपर्यंत दोरा धरला आणि दातानं तोडला. कसला तरी दोरा मला घालता आला नाही. पत्र गेलं.

जयवंता


जांभूळवाडी
माघ वद्य द्वितीया

आक्का,

सोबत ठरली, वद्य दशमीला बेळगावहून निघायचं. पलटणीतले गुंडू जमादार रजा संपवून परत चाललेत, त्यांची बायको मनुबाईही बरोबर आहे. पुण्यावरून मुंबई, तिथून बोटीनं कराची, पुढं परत आगगाडी. मनुबाई क्वेट्ट्याला दोन हिवाळे काढून आलेली. ती काल मुद्दाम येऊन माझी ट्रंक बघून गेली.

बघून म्हणजे तिनं सगळी उपसून जमिनीवर मांडली. मांडी ठोकून बसली, गालात तंबाखू. नाचणीचं पीठ उचलून बाजूला ठेवलं.

"हे कशाला?"

"ह्यांनी मागवलंय."

"बाप्यांना काय जातंय मागवाला. त्यास्नी उचलावं लागत न्हाय. माजं ऐक. तुज्या एकटीच्यानं उचलंल तेवडंच घे. ठेसनावर उतरलं की धाप लागती. हमाल पठाण, त्येची भाशा कळत न्हाय. मी पयल्या खेपेला पाटा-वरवंटा घिऊन गेलतो, कराचीच्या धक्क्यावर टाकून दिला."

शेवटी अर्धं पीठ ठेवलं. तिळाचं तेल, कोकमतेलाचे गोळे, आमसुलं आणि लसणाची चटणी ठेवली. पापड नको म्हणाली, चुरा होतो. चार लुगड्यांतली दोन काढली. "थंडीत कोन धुतंय रोज? आनि लुगड्याच्या आत नवऱ्याची जुनी पाटलोण घालायची. कोन बगाय येतंय?" असं म्हणून ती हसली. आत्याबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. कितीतरी महिन्यांनी ह्या घरात कुणी हसलं असेल.

मग तिच्या हाताला लाल काठाची घोंगडी लागली. "ही कुणाची?"

"आक्कानं धाडली," मी म्हटलं. "तिला ठावं नव्हतं."

मनुबाईला बेळगावातच कळलं होतं. तिनं घोंगडी उलगडली, पुन्हा घडी केली आणि ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवली. "घे. बोलन घाटात गुडघ्यावर घ्यायला बरी पडती," ती म्हणाली आणि पुढचं गाठोडं सोडलं.

ती गेल्यावर आत्याबाई जवळ येऊन बसल्या. "त्याला कसं सांगशील?"

मी म्हटलं, "ठावं न्हाय."

"पयल्या दिशी सांगू नगंस. लांबनं येनार तू. त्याला जेवू दे, झोपू दे. दुसऱ्या दिशी सांग."

मामंजी पडवीतून म्हणाले, "पयल्याच दिशी सांगायचं."

"तुमास्नी काय कळतंय? जोतिबा इचारंल की ठेसनावर, कुटं हाय म्हणून."

"म्हणूनच म्हणतो. ठेसनावरच सांगायचं."

"मानसं असत्यात ठेसनावर."

त्यांचं बराच वेळ चाललं. दोघं मोठमोठ्यानं बोलत होते. मी ट्रंक परत भरत होते. शेवटी मामंजी म्हणाले, "जा बाई. जाशील, ऱ्हाशील, मांडी भरंल पुन्ना." त्यासाठीच मला धाडतायत हे मला ठाऊक होतं. ते त्यांनी तोंडानं म्हटलं एवढंच.

मला जायचं आहे की नाही हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाले असते तेही सांगता येत नाही. इथं राहिले काय, तिथं गेले काय. ट्रंक मात्र आता मला एकटीला उचलता येते.

जयवंता


क्वेट्टा छावणी
फाल्गुन शुद्ध षष्ठी

आक्का,

पोचले.

बेळगावच्या स्टेशनावर तू येशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गर्दीत आधी तुझं कुंकू दिसलं, मग तू. सासूबाईंना काय सांगून आलीस ते विचारायचं राहिलं. आपण काय बोललो ते मला नीट आठवत नाही. तू माझ्या बुटांकडं बघत होतीस एवढं आठवतं. आणि गाडी हलायच्या आधी तू मामंजींपुढं जाऊन म्हणालीस, "मामा, तुमी चुकलासा," ते मला खिडकीतून ऐकू आलं. ते "व्हय" म्हणाले तेही ऐकू आलं.

बोटीत मनुबाई सगळा वेळ आडवी होती आणि मी तिचं डोकं धरून बसले होते. मला काही झालं नाही. समुद्र बघितला. कराचीहून गाडी वाळवंटातून जाते, तिथं ऊन होतं. सिबी म्हणून ठाणं लागतं, तिथून घाट. गाडीला मागं-पुढं दोन इंजिनं लावतात. बोगद्यातून बाहेर आलं की उघडे डोंगर, एक झाड नाही, आणि माथ्यांवर पांढरं. मनुबाई म्हणाली तो बर्फ. कानांत दडे बसले. तुझी एक घोंगडी मी घेतली, एक मनुबाईनं, लहान होती ती गुडघ्यांवर.

स्टेशनावर हे आले होते. जाड खाकी कोट, मिशी वाढलेली, ओठ फुटलेले. मी आधी ओळखलंच नाही. त्यांनी मला बघितलं आणि थेट ट्रंकेला हात घातला.

"वाटंत तरास झाला काय?"

"न्हाय."

त्यांनी माझ्या मागं बघितलं नाही. डब्यात कुणी राहिलं का ते बघितलं नाही. ट्रंक खांद्यावर घेऊन चालायला लागले. मी मागून. खरंच धाप लागते आक्का, ह्यांनी लिहिलं होतं तशी. मी दोनदा थांबले, तेही दोनदा थांबले, मागं न वळता.

खोली विटांची, एक खाट, कोपऱ्यात लोखंडी शेगडी, तिला बुखारी म्हणतात. ह्यांनी चहा केला. मी खाटेवर बूट न काढता बसले होते. मामंजींचं ऐकायचं असं मी गाडीत ठरवलं होतं.

"एक सांगायचं हाय," मी म्हटलं.

"चा पी आदी."

मी प्याले. कप खाली ठेवला. म्हटलं, "भरमू..."

"ठावं हाय," ते म्हणाले.

बुखारीत लाकूड सारता सारता त्यांनी सांगितलं. "मष्णू रजेवरनं आला त्याच दिशी. पाठ करून हुबा ऱ्हायला आनि म्हणाला, शपत घेतलीया, सांगता येत न्हाय. आनि रडाय लागला. मग सांगायचं काय ऱ्हायलं?"

मष्णू मार्गशीर्षात परतला होता. मी मनात पत्रं मोजायला गेले आणि सोडून दिलं.

"मग ती पत्रं?" मी म्हटलं. "बूट करतो म्हणून? माप धाड म्हणून?"

त्यांनी आणखी एक लाकूड सारलं. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "तू लिवत हुतीस, भरमू खुशाल हाय. तुजं अक्षर. वाचलं की त्या दिवसापुरतं खरं वाटायचं. मला कळलंय म्हणून लिवलं असतं, तर तू त्ये लिवायची बंद झाली असतीस."

"आनि माप?"

"पाय केवडा झालता त्ये मला ठावं न्हवतं. कुणाला इचारू?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून काडेपेटी काढली. तिच्यात काडीला गुंडाळून दोरा ठेवला होता. उलगडून माझ्यासमोर धरला.

"बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय," मी म्हटलं.

तेव्हा मला राग आला, आक्का. इतक्या महिन्यांत काही वाटलं ते हे पहिलं. मी म्हटलं, "ते वाक्य लिवताना माझं काय व्हत होतं तुमास्नी ठावं हाय काय? तुमी तितं बसून वाचत होता. मी इतं लिवत होतो." माझा आवाज चढला. शेजारच्या खोलीतली बाई बोलायची थांबली.

"न्हाय ठावं," ते म्हणाले. "सांग."

मग मी सांगितलं. आधी ते नाही, आधी भरमूचं, घसा सुजला इथपासून. ते मधे मधे विचारत होते. गाडी कुणी हाकली. डोकं माझ्या कुठल्या हातावर होतं. शेवटी काही बोलला का. मी म्हटलं, बोलता येत नव्हतं, बैलांकडं बघत होता. मामंजी म्हणाले होते तसे ते माझ्यापुढं रडले. मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी कवायतीवरून आल्यावर त्यांनी पुन्हा सगळं सांग म्हटलं, मी पुन्हा सांगितलं. कालही सांगितलं. काल सांगताना मीच विसरलेली एक गोष्ट आठवली. नावाड्यानं स्वतःचं इरलं काढून गाडीवर धरलं होतं आणि तो शेवटपर्यंत तसाच पावसात उभा होता.

इथं माझं चाललंय. रोटी जमत नाही, जाड होते. मनुबाई येऊन नावं ठेवून जाते. रात्री थंडीनं दात वाजतात. तिसऱ्या दिवशी सकाळी नाकातून रक्त आलं, हे घाबरले, मनुबाई म्हणाली सगळ्यांचं येतं. पुढं काय होईल, मांडी भरेल की नाही, त्याचा मी विचार करत नाही, आणि ह्यांनीही विषय काढलेला नाही. लहान घोंगडी ह्यांनी खिडकीला लावली आहे, तिथून वारा येतो.

आता काम सांगते, ह्याही पत्रात. आधीच्या कामापेक्षा अवघड आहे.

ह्या पाकिटात दुसरा कागद आहे. तो ह्यांनी मामंजींना लिहिलेला आहे. चारच ओळी आहेत. मला मार्गशीर्षातच कळलं होतं, तुम्ही लपवलंत त्याचा राग नाही, आता आमच्यात काही लपलेलं नाही, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, असं त्यात आहे. हे तो कागद थेट गावच्या टपालात टाकणार होते. मी टाकू दिला नाही. आता आमच्या घरात वाचणारं कुणी नाही. पत्र आलं की मामंजी ते चावडीत मास्तरांकडं नेतील आणि मास्तर चार माणसांत मोठ्यानं वाचतील.

इथं येऊन माझ्या लक्षात आलं की मामंजी अजून रडलेले नाहीत. नदीवर नाही, घरी नाही, त्या दुकानात नाही. ह्यांना कळलंय हे कळेपर्यंत ते रडणार नाहीत, लेकाच्या आधी आपण कसं रडायचं असं त्यांना वाटत असेल. तेव्हा त्यांना ते चावडीत कळू नये.

तू जा. आमच्या घरची पायरी तू चढलेली नाहीस आणि तुझ्या सासरी काय म्हणतील तेही मला कळतं. तरी जा. बेळगावला आलीस तशी जा म्हणून म्हणते. भावकूला सोबत घे, खानापूरपर्यंत मोटार आहे, नदीला आता पाणी नाही. आत्याबाईंना आधी बाजूला घेऊन सांग, पण वाचून दाखवशील ते मामंजींनाच. पडवीत नको, आत घेऊन बस. घाईनं वाचू नको. त्यांच्या उजव्या हाताला बस, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं.

तुझी
जयवंता